ओढून पाहिलं नाही

हॉस्पिटलात तिला ओढाताई म्हणायचे. तोंडावर नुसतं ताई, आणि पाठ फिरली की ओढाताई. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण चपखल ठेवलं होतं. कुठलीही केबल जोडून झाली की ही बाई ती ओढून बघायची. आधी हलकेच, मग जोर लावून, आणि शेवटी चालू मशीनची केबल सरळ उपटून, कमरेवर हात ठेवून बघत राहायची, की आता काय होतंय. दातांचे डॉक्टर म्हणायचे, मी उभ्या आयुष्यात इतकं ओढलं नाही, आणि मला तर त्याचाच पगार मिळतो. ती हसायची नाही. म्हणायची, आज ओढल्यावर तुटलं तर माझ्यासमोर तुटेल, नाही ओढलं तर उद्या कुणाच्या तरी जिवावर तुटेल.

पस्तीस वर्षं तिने हे न चुकता केलं. एकदाच केलं नाही. आणि जग कसं आहे बघा, पस्तीस वर्षं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत, ते एकदाच राहिलं.

ती कामाला लागली होती हॉस्पिटलच्या टेलिफोनच्या खोलीत. वडील लवकर गेलेले, आई दम्याने बेजार, आणि पाठचा भाऊ तिच्याहून तेरा वर्षांनी लहान. टेलिफोनच्या खोलीत एक म्हातारा लाइनमन होता, त्याने तिला तारा शिकवल्या. पुढे टेलिफोनची खोली गेली, लाइनमन गेला, कॉम्प्युटर आले, आणि तारांची जाणकार म्हणून ही एकटीच उरली. लग्न राहून गेलं, असं शेजारीपाजारी हळहळायचे. ती म्हणायची, राहून काही गेलेलं नाही, मीच जाऊ दिलं, तुम्ही कशाला जीव जाळताय. भावाला तिने शिकवलं, इंजिनीअर केलं. आईने शेवटच्या दिवसांत धाकट्याचा हात तिच्या हातात दिला आणि म्हणाली, याच्याकडे बघ हो. बहिणीकडेही बघायचं असतं, हे धाकट्याला सांगायचं मात्र आईच्या ध्यानात आलं नाही. आया अशाच असतात.

लाइनमनने तिला दोन सवयी लावल्या होत्या. पहिली वहीची. केबलीच्या दोन्ही टोकांना फक्त नंबर बांधायचा. तो नंबर कुठून निघतो आणि कुठे जातो, ते वहीत. कारण केबल आज इथे असते, उद्या तिथे जाते. नंबर बदलत नाही, अर्थ बदलतो. दुसरी सवय वाचून दाखवायची. एकाने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि लिहून झालं की लिहिणाऱ्याने पहिल्या ओळीपासून सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं, शेजारी कुणी का उभं असेना. मनातल्या मनात वाचलेलं माणूस स्वतःला हवं तसं वाचतो, असं लाइनमन म्हणायचा. वाचून संपलं की सांगणाऱ्याने एकच शब्द म्हणायचा, "बरोबर." तो म्हटल्याशिवाय वही मिटायची नाही. नवी माणसं या प्रकाराला कंटाळायची. ती म्हणायची, कंटाळा आला तर येऊ दे, चूक यायला नको.

आता हॉस्पिटलातल्या स्कॅनचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. माणसाला त्या नळकांड्यात घालून आतले फोटो काढतात, ते फोटो फार जड. एका मशीनमध्ये मावत नाहीत. म्हणून तळमजल्यावरच्या सर्व्हर रूममध्ये बरीच मशीनं एकत्र बांधलेली होती. एका फोटोचे तुकडे करायचे, थोडे या मशीनकडे, थोडे त्या मशीनकडे, आणि डॉक्टरने मागितला की सगळ्यांनी आपापला तुकडा पुढे करायचा. त्यासाठी या मशीनांना आपसात सतत बोलावं लागतं. डॉक्टरांकडे जाणारी वाट वेगळी, ती पुढची. आपसातल्या बोलण्याची वाट मागची. त्या मागच्या वाटेवर मध्ये स्विच बसतात. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. चपटा डबा, त्याला ओळीने पोर्ट, म्हणजे केबल खुपसायची भोकं, सगळ्या मशीनांच्या केबली तिथे येऊन मिळतात आणि कुणाचा निरोप कुणाकडे जायचा, ते तो डबा ठरवतो.

असे स्विच दोन हवेत. एक डावा, एक उजवा. प्रत्येक मशीनच्या पाठीवर दोन भोकं, त्यातलं डावं डाव्या स्विचला, उजवं उजव्याला. एक स्विच मेला तर दुसऱ्यावरून बोलणं चालू. दोन्ही एकाच जातीचे, पण वेगळ्या रॅकमध्ये, वेगळ्या विजेवर, आणि त्यांच्यावर दुसरं काहीएक लावायचं नाही. कॅमेरा नाही, प्रिंटर नाही, साहेबाच्या केबिनचा टीव्ही तर मुळीच नाही. आणि सगळं जोडून झालं की एकेक स्विच बंद करून बघायचा, फोटो येतायत ना. ओढाताईचा हा अगदी आवडता दिवस. त्या दिवशी ती स्वच्छ धुतलेला कोट घालून यायची.

सुरुवातीला मशीनं आठ होती आणि स्विच छोटे दोन. हॉस्पिटल वाढलं, नवी इमारत उठली, नवी स्कॅन यंत्रं आली आणि मशीनं अठरा करायचं ठरलं. तोपर्यंत धाकटा याच हॉस्पिटलात विभागप्रमुख होऊन आला होता. ती बातमी कळली तेव्हा ताईने सबंध मजल्याला चहा पाजला. महिनाभराने तिच्या लक्षात आलं, की चारचौघांत तो तिला "तुम्ही" म्हणतो. आधी तिला वाटलं, शिस्त म्हणून म्हणत असेल. बरंच आहे, बहिणीचं लाडकं बाळ दिसायला नको. मग एकदा लिफ्टमध्ये दोघंच असताना तो म्हणाला, "तुम्ही तिसऱ्या मजल्यावर ना?" त्या दिवशी तिला ते लागलं. पण गिळलं. गिळायची तिला सवय होती.

नव्या स्विचसाठी तिने एका कागदावर आपली मागणी लिहून दिली. दोन स्विच, एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे. अठरा मशीनं आज आहेत, उद्या चोवीस होतील, तेव्हा प्रत्येकाला बत्तीस पोर्ट. धाकट्याने कागद वाचला, मान डोलावली. सहा आठवड्यांनी खोकं आलं. एकच. चांगलं दोन माणसांनी उचलावं लागलं एवढं मोठं. तिने ते फोडलं, आतला दांडगा स्विच बघितला आणि खोक्याच्या मागे वाकून पाहिलं.

"दुसरा कुठाय?" तिने विचारलं.

धाकट्याने कंपनीचं चकचकीत पत्रक काढलं. दुसऱ्याची गरजच नाही, तो समजावू लागला. यालाच अठ्ठेचाळीस पोर्ट आहेत. निम्मे डावे मानायचे, निम्मे उजवे. आतून भिंत घालता येते. वीज घ्यायला पिना दोन, पंखे दोन, सगळं दोन-दोन. तिने मागितलेली जोडी यायला चार महिने लागणार होते आणि नव्या इमारतीचं उद्‌घाटन सव्वा महिन्यावर आलेलं. वरच्या समितीला त्याने सांगूनही टाकलं होतं की दोन स्वतंत्र वाटा तयार आहेत.

"पातेल्यात मध्ये फळी घातली म्हणून दोन पातेली होत नाहीत," ती म्हणाली. "बूड एकच आहे. बूड गळलं की दोन्हीकडचं जाणार."

त्याने इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, केबली जोडायचं काम तुझं. निवडायचं माझं."

तिने जोडल्या. काय करणार? अठरा मशीनं, छत्तीस केबली, दोन रांगांतल्या रॅकमधून फरशीखालून ओढून आणलेल्या. जुन्या केबलीही वापरायच्या होत्या, लांबीप्रमाणे जिथे बसेल तिथे बसवाव्या लागल्या, म्हणून नंबर सगळे आडवेतिडवे लागले. एक नंबर चौथ्या मशीनला, सात नंबर पहिल्याला. तिने एका पानावर छत्तीसच्या छत्तीस ओळी उतरवल्या. काम सुबक झालं होतं. कसायाचं काम सुबक झालं म्हणून बकऱ्याला काय फरक पडतो, असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि हात धुवायला गेली.

उद्‌घाटनाच्या दोन दिवस आधी धाकटा सर्व्हर रूममध्ये आला. हातात छापील कागद. त्यावर होतं: दोन्ही स्विच एकेक करून बंद करून पाहिले, साठवण चालू राहिली. खाली जोडणाऱ्याच्या सहीची जागा. आता एकच डबा, तो बंद करून बघायचा तर सगळंच बंद. बघणार काय आणि चालू काय राहणार? तिने कागद परत त्याच्यापुढे धरला.

"हे मी केलेलं नाही."

"सगळे असंच भरतात गं. नुसती सही हवीये."

"माझी नको लावूस. तू कर."

"माझी चालत नाही, जोडणाऱ्याची लागते." मग तो खाली बसला, तिच्या हत्यारांच्या पेटीवर, लहानपणी बसायचा तसा, आणि म्हणाला, "ताई, एवढी एक वेळ सांभाळ. जानेवारीत दुसरा मागवतो. आईची शपथ."

बघा आता. महिनोन्‌महिने "तुम्ही", आणि काम पडल्यावर "ताई", पेटी आणि आई. तिला हे सगळं दिसत होतं. ती काही खुळी नव्हती. तरी तिने सही केली. पेटीवर बसलेला तो तिला दहा वर्षांचा दिसला आणि तिथेच तिचा नेम मोडला. सही करून झाल्यावर तिने वही काढली, छत्तीस ओळींचं पान उलटलं, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख घालून लिहिलं: स्विच एकच आहे. दोन नाहीत. ओढून पाहिलं नाही. धाकट्याने सांगितलं म्हणून सही केली. वाचून दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून तिने स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवलं. धाकटा दारातून बाहेर पडत होता. त्याने ऐकलं आणि तसाच गेला.

जानेवारी आला आणि गेला. तिने दोनदा आठवण केली. एकदा तो म्हणाला बघतो. दुसऱ्यांदा म्हणाला, तुम्ही लेखी द्या. तिने लेखी दिलं. ते कुठे गेलं, ते त्या कागदालाच माहीत.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वीसला, त्या दांडग्या स्विचने मान टाकली. पंखे दोन्ही फिरत होते, वीज दोन्हीकडून येत होती, फक्त आतला मेंदू एकच होता आणि तो बंद पडला. अठरा मशीनं एका खोलीत, आणि कुणाला कुणाची हाक ऐकू येईना. अशा वेळी मशीन शहाणपणा करतं. बाकीचे सापडत नाहीत म्हटल्यावर ते लिहिणंच थांबवतं, उगाच चुकीचं काही लिहायला नको म्हणून. अठराही थांबली. ऑपरेशनच्या खोल्यांतले मॉनिटर काळे झाले. ताई धावत आली तोवर धाकटा आणि कंपनीचे दोघं रॅकच्या मागे घुसले होते आणि दिसेल ती केबल उपटून दिसेल त्या पोर्टमध्ये खुपसत होते. ती ओरडली, नंबर बघा आधी, पण कोण ऐकतो? तासाभरात मागचं सगळं जाळं म्हणजे नुसता गुंता झाला. कसाबसा डबा परत उठला, एका पायावर उभा राहिला. दीड दिवस गेला. आणि त्या सकाळचे जे फोटो अर्धे लिहिले गेले होते, ते गेले ते गेलेच. स्कॅनचं यंत्र फोटो पाठवला की आपल्याकडचा पुसून टाकतं, त्यामुळे तिथेही काही उरलं नाही.

तेवीस माणसांना पुन्हा त्या नळकांड्यात घालावं लागलं. त्यातले एक कोपऱ्यावरचे घड्याळवाले. सत्तरीच्या पुढचे, पण हात अजून असा स्थिर, की एक काटा न हलवता घड्याळ उघडायचे. ताईचं मनगटावरचं घड्याळ त्यांनीच दोनदा जिवंत केलं होतं. फोटोत नसा दिसाव्यात म्हणून जे औषध टोचतात, ते त्यांना दोन दिवसांत दोनदा टोचलं गेलं आणि त्यांची आधीच थकलेली मूत्रपिंडं बसली. तेव्हापासून आठवड्यातून तीन वेळा ते डायलिसिसच्या मशीनला जोडून पडलेले असतात. दुकानाचं दार बंद. काचेमागची घड्याळं एकेक करून थांबली, वेगवेगळ्या वेळांना.

चौकशी बसली. लांब टेबल, पाण्याचे पेले, मध्ये हॉस्पिटलचे संचालक, दोन्ही बाजूंना दोन डॉक्टर, आणि टोकाला विभागप्रमुख म्हणून धाकटा. ताईने वही पर्समध्ये घालून नेली होती. पर्सची चेन उघडी होती. धाकट्याला वहीची पाठ दिसत होती, आणि त्याला ती दिसतेय हे तिला दिसत होतं.

"जोडणाऱ्या बाईंनी चाचणी केल्याचं लिहून दिलं होतं," तो म्हणाला. "मी त्यांच्या सहीवर विसंबलो."

बाई. तिने लहानपणी त्याला शिकवलेली बोबडी "ताई" ही हाक तिला आठवली. संचालकांनी तो कागद तिच्यापुढे सरकवला. सही तुमची का, असं विचारलं. ती हो म्हणाली. चाचणी केली होती का? नाही. मग सही का केलीत?

ती भावाकडे बघत राहिली. आता बोलेल. आता तरी बोलेल. तो टेबलावरचं पेन सरळ करत होता. सरळ झालेलं पेन पुन्हा सरळ करत होता. तो बोलेल म्हणून ती गप्प राहिली, आणि ती गप्प राहिली म्हणून तो बोलला नाही. पर्समध्ये हात घालायला किती वेळ लागतो? पण आईने हातात दिलेला हात तिच्याच्याने सुटला नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

तिला काढलं. निवृत्तीला नऊ महिने उरले होते. सत्कार नाही, चहा नाही, दातांचे डॉक्टर तेवढे खाली गेटपर्यंत सोडायला आले आणि परत गेले. बाहेर पडताना व्हरांड्यात तिला घड्याळवाल्यांची सून दिसली, बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली. सून म्हणाली, "ताई, तुम्हाला काढलं म्हणे. कुणी तरी चाचणी न करता सही केली असं ऐकलं. कोण हो ते?" तिला खरंच माहीत नव्हतं. ताईने सांगितलं, मीच. सून डबा घेऊन उठली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

त्या रात्री नव्हे, त्या आठवड्यातही नव्हे, पंधरा दिवसांनी एका दुपारी धाकटा तिच्या घरी आला. तिला वाटलं, आला बाई एकदाचा. तिने चहा टाकला. त्याने चपलाही काढल्या नाहीत.

"ती वही हॉस्पिटलची आहे," तो म्हणाला. "परत द्यावी लागेल."

तिने वही आणून दिली. तो उभ्याउभ्याच पानं चाळू लागला. हवं ते पान सापडलं, त्याने त्या चार ओळी वाचल्या, ओठ हलले. मग त्याने ते पान मुळापासून फाडलं, चहाखालच्या गॅसवर धरलं, बोटं भाजेपर्यंत धरून ठेवलं आणि राख मोरीत सोडली. पानाच्या दुसऱ्या बाजूला काय आहे, ते त्याने उलटून बघितलं नाही. शाळेतही तो पेपर कधी उलटून बघायचा नाही, मागचे प्रश्न राहून जायचे आणि मग ही मास्तरांच्या पाया पडायला जायची. तिने सांगितलं नाही. का सांगावं? नेहमी हिनेच सांगायचं का?

"आता विषय संपला, ताई," तो म्हणाला, आणि वही काखेत मारून गेला. चहा उतू गेला होता.

ती ओटा पुसत राहिली. इतके दिवस तिला राग येत नव्हता, नुसतं सुन्न वाटत होतं. त्या दिवशी राग आला. एवढा आला, की फडकं पिळताना ते फाटलं.

समितीने शेवटी ताईची मूळ मागणी मान्य केली. म्हणजे ती ताईची होती हे कुठे लिहिलं नव्हतं, पण दोन स्विच, एकाच नमुन्याचे, बत्तीस पोर्टचे, हे शब्द तिचेच होते. जोडी आली. एका गुरुवारी दुपारी ते बसवायचे आणि समितीसमोर एकेक बंद करून दाखवायचे, असं ठरलं. तिला हे सगळं दातांच्या डॉक्टरांकडून कळलं होतं.

त्या गुरुवारी तीनच्या सुमारास ती मटार सोलत बसली होती. फोन वाजला. आवाज घुमत येत होता, मागे सर्व्हर रूमचे पंखे. म्हणजे फोन स्पीकरवर टाकलेला. धाकटाच होता. केबलींची यादी हवी होती. कुठला नंबर कुठल्या मशीनचा, डावा की उजवा. गुंत्यातून काही कळत नव्हतं, आणि एखाद्या मशीनचं डावं-उजवं उलटं लागलं तर ते मशीन बाकीच्यांना सापडणार नव्हतं. सगळी फरशी उचलून केबली शोधायच्या तर तीन दिवस.

"वहीत बघ," ती म्हणाली.

मग तो म्हणाला, "वहीत ते पान नाहीये."

"हो का."

"ताई, लवकर सांग. संचालक आलेत, समितीची माणसं उभी आहेत. ओढून दाखवायचंय. कंत्राटदाराचा माणूस लिहायला बसलाय, तू सांगत जा, तो लिहील."

ओढून दाखवायचंय! हे त्याच्या तोंडून. आठवत नाही म्हणून ती फोन ठेवू शकली असती, आणि काढून टाकलेल्या बाईला कुणी बोल लावला नसता. पण उद्या कुणी तरी दुसरं म्हातारं त्या नळकांड्यात असणार होतं. तिने डोळे मिटले. रॅक दिसू लागला, रांग दिसू लागली, प्रत्येक केबलीचं वळण दिसू लागलं.

"एक नंबर. मशीन चार, डावा."

"एक नंबर, मशीन चार, डावा," कंत्राटदाराचा माणूस म्हणाला. अनोळखी, सावकाश आवाज. लिहिणारा पोक्त असावा.

दोन, तीन, चार. ती सांगत गेली, तो म्हणत गेला. मटाराच्या शेंगा तशाच राहिल्या. चौदाव्याला ती जरा अडली, मग आठवलं, ती खांबाला वळसा घालून गेलेली. तेवीस. तीस. छत्तीस नंबर, मशीन अकरा, उजवा.

"झालं," धाकटा म्हणाला. "चला."

"एक राहिलंय," ती म्हणाली. "पानाच्या मागचं."

"ताई," तो म्हणाला. तोच आवाज, पेटीवर बसून बोललेला.

तिला माहीत होतं की आता ती जे बोलेल त्याने तिची नोकरी परत येणार नाही. घड्याळवाल्यांची मूत्रपिंडं येणार नाहीत. आणि भाऊ जाईल. होता तेवढाही जाईल. आईच्या फोटोकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही.

"लिहा हो," ती त्या अनोळखी माणसाला म्हणाली. "स्विच एकच आहे. दोन नाहीत. ओढून पाहिलं नाही."

"ओढून... पाहिलं... नाही," तो माणूस म्हणाला. त्याला काय त्याचं? सांगतायत, लिहितोय.

"धाकट्याने सांगितलं म्हणून सही केली."

"धाकट्याने म्हणजे कुणी, बाई?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ते खोडा," ती म्हणाली. "विभागप्रमुखांनी, असं लिहा." मग तिने उद्‌घाटनाच्या दोन दिवस आधीची तारीख सांगितली. ती त्याने लिहिली. "आता पहिल्यापासून वाचून दाखवा. मोठ्याने."

त्याने वाचायला सुरुवात केली. नीट माणूस होता, एकेक ओळ सावकाश वाचत होता. एक नंबर, मशीन चार, डावा. छत्तिसावी ओळ झाली तसा धाकटा घाईने म्हणाला, पुरे, बरोबर आहे सगळं. त्यावर दुसरा एक जाड आवाज आला. चौकशीच्या टेबलावर तिने तो ऐकला होता. संचालकांचा.

"थांबा. त्यांना वाचू द्या."

त्याने उरलेलं वाचलं. तारखेसकट वाचलं, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

"बरोबर," ओढाताई म्हणाली आणि फोन ठेवला.